काळ्याची पारख

प्लाझ्मा टीव्हीचा पडदा म्हणजे दोन काचांच्या मध्ये कोंडलेले लाखो चिमुकले दिवे. घरातली ट्यूबलाइट फुटली की फरशीवर पांढरी भुकटी सांडते; त्या भुकटीचीच भावंडे या दिव्यांच्या पोटात असतात. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण सुटतात, ते नळीच्या आतल्या भुकटीवर पडतात आणि भुकटी उजळते. प्लाझ्मात पाऱ्याऐवजी निऑन आणि झेनॉन या वायूंचे मिश्रण असते आणि भुकटी तीन रंगांची असते. एक लाल खण, एक हिरवा, एक निळा, असे तीन मिळून चित्राचा एक ठिपका होतो. ४२ इंची साध्या प्लाझ्मात असे ठिपके आडव्या ओळीत १०२४ आणि उभ्या ओळीत ७६८. म्हणजे दिवे झाले साडेतेवीस लाखांहून जास्त. फुल एचडी पडद्यात ही संख्या ६२ लाखांवर जाते.

यातला प्रत्येक दिवा आपला उजेड आपण देतो आणि काम नसेल तेव्हा विझतो. प्लाझ्माची सारी थोरवी त्या विझण्यात आहे. एलसीडी टीव्हीची रचना याच्या उलट असते. त्याच्या मागच्या बाजूला एक प्रकाश सतत जळत असतो आणि पुढे लाखो बारीक झडपा असतात. काळा रंग दाखवायचा तर झडप लावून घ्यायची. पण लावलेल्या दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतला उजेड यावा तसा थोडा प्रकाश तिथूनही झिरपतो. दुकानात एलईडी या नावाने जो टीव्ही मिळू लागला तो मुळात एलसीडीच. मागच्या नळ्यांच्या जागी एलईडी आले, झडपा त्याच राहिल्या. टीव्ही घ्यायला निघालेल्या कित्येक कुटुंबांना ही तीन नावे म्हणजे तीन वेगळ्या जाती वाटत, आणि विक्रेतेही तसे वाटू देत.

या पडद्याचा जन्म दिवाणखान्यात झालेला नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना इथल्या आवारात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो घडवला, आणि तो घडवला शिकवण्यासाठी. प्लेटो नावाची संगणकावरून धडे देणारी व्यवस्था तिथे उभी राहत होती आणि तिला असा पडदा हवा होता, ज्यावर एकदा उमटलेले अक्षर पुन्हा पुन्हा पाठवावे लागणार नाही. त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग होती. प्लाझ्माचा दिवा एकदा पेटला की पेटलेला राहतो, विझवला की विझलेला राहतो. त्यामुळे पडदाच स्वतःची आठवण ठेवू लागला. त्यावरची अक्षरे निऑनच्या नारिंगी रंगात उजळत. रंगीत चित्र यायला पुढे तीन दशके लागली. फुजित्सूने १९९२ मध्ये २१ इंची रंगीत पडदा आणि १९९५ मध्ये ४२ इंची पडदा आणला. १९९७ मध्ये फिलिप्सचा ४२ इंची संच अमेरिकेतल्या दुकानांत आला, तेव्हा त्याची किंमत १५,००० डॉलरच्या घरात होती. ज्या पडद्याचा जन्म स्थिर अक्षरांसाठी झाला, त्याच्या रंगीत वंशजाला पुढे स्थिर अक्षरेच बाधली. त्याचा विचार पुढे येईल.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत प्लाझ्माचा विचार सुरू झाला तो २००५ नंतरच्या चार-पाच वर्षांत. किंमत लाखांतून उतरून लाखाच्या आत आली होती, २९ इंची डबा टीव्ही म्हातारा झाला होता आणि भिंतीवर टांगायच्या सपाट टीव्हीने सगळ्यांना भूल घातली होती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी अख्खे घर दुकानात जाई. तिथे डोळे दिपवणाऱ्या ट्यूबलाइटखाली वीस-पंचवीस संच ओळीने लावलेले असत. सगळ्यांवर एकच फीत: पोपट, समुद्र, फुलांचा बाजार. एलसीडी झगझगीत दिसे. प्लाझ्मा त्याच्या शेजारी निस्तेज, किंचित राखाडी वाटे. त्याच्या काचेत छतावरच्या नळ्या आणि बघणाऱ्यांचे चेहरे उमटत. घरचे लोक मग एलसीडी बांधून घ्यायला सांगत.

या निवडीत चूक डोळ्यांची नव्हती. परीक्षेची जागा चुकत होती. प्लाझ्माच्या खणांतली भुकटी फिकट रंगाची असते. बाहेरचा उजेड तिच्यावर पडला की विझलेला दिवाही करडा दिसतो, म्हणजे ज्या गुणासाठी हा टीव्ही घ्यायचा तो गुण उजेडात झाकला जातो. शिवाय दुकानातले संच मुद्दाम सर्वांत भडक रंगयोजनेवर ठेवलेले असतात. डायनॅमिक किंवा व्हिव्हिड असे तिचे नाव असते आणि घरी ती कुणाच्याही डोळ्यांना तासभरसुद्धा सोसवत नाही. घरात टीव्ही बहुतेक रात्री लागतो. सात वाजता दिवेलागण, मग मालिका, जेवणे, बातम्या, आणि साडेनऊनंतर मोठा दिवा मालवून एखादा सिनेमा. टीव्ही ज्या वेळी बघायचा त्या वेळच्या उजेडातच त्याची पारख करायला हवी. दुकानदाराला सांगून निदान एका कोपऱ्यातले दिवे बंद करून घेणे आणि संच सिनेमा योजनेवर टाकून बघणे एवढे तरी करता येत असे. हे दोन बदल केले की निकाल बऱ्याचदा उलटा लागे.

काळा रंग चांगला असणे म्हणजे काय, हे एका दृश्यावरून कळते. रात्रीची नदी, काठावरून कंदील घेऊन चाललेला एक माणूस. सामान्य एलसीडीवर ती रात्र निळसर पाटीसारखी दिसते. कंदील उजळ असतो, पण भोवतालचा अंधारही थोडा उजळ असतो, आणि माणूस त्या अंधारावर चिकटवल्यासारखा वाटतो. चांगल्या प्लाझ्मावर आधी फक्त कंदील दिसतो. मग डोळा स्थिरावतो आणि धोतराचा सोगा, खांद्यावरच्या घोंगडीची घडी, पाण्यावर हलणारी उजेडाची रेघ ही एकेक करून अंधारातून बाहेर येतात. खोलीतला दिवा बंद असेल तर पडद्याची कडा कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे समजत नाही. पायोनियरने २००७ मध्ये आणलेल्या संचांना कुरो हे नाव दिले. जपानीत त्याचा अर्थ काळा. प्लाझ्माचा दिवा पुन्हा चटकन पेटावा म्हणून त्याला विझलेल्या अवस्थेतही किंचित धुगधुगी द्यावी लागते, आणि तेवढाच काळेपणा कमी होतो. कुरोने ती धुगधुगी इतकी कमी केली की पुढची कित्येक वर्षे इतर टीव्हींचा काळा रंग त्याच्याशी ताडून पाहिला जाई.

रंगीत सिनेमापेक्षाही मोठी कसोटी जुन्या कृष्णधवल चित्रपटाची. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ लावून बघावा. त्यात रंगांची भूल नसते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांची एक लांब शिडी असते आणि त्या शिडीच्या मधल्या पायऱ्या टीव्हीला चढता-उतरता येतात की नाही ते लगेच उघडे पडते. प्लाझ्माची एक उणीवही इथेच दिसते. त्याच्या दिव्याला मंद जळता येत नाही. तो पूर्ण पेटतो नाहीतर विझतो. मंद उजेडाचा भास निर्माण करायला तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात अनेक वेळा पेटवला-विझवला जातो. खोक्यावर छापलेले ६०० हर्ट्झ ते हेच: सेकंदाला ५० चित्रे आणि प्रत्येक चित्राचे १२ तुकडे. सेकंदाला ६०० चित्रे असा त्याचा अर्थ नव्हे. या उघडझापीमुळे अगदी गडद छटांमध्ये, पडद्याजवळ गेल्यास, मुंग्या आल्यासारखी बारीक हालचाल दिसते. सात-आठ फुटांवरून ती दिसेनाशी होते. जवळून बघून नाके मुरडणाऱ्याने मागे सरकून पुन्हा पाहावे.

तेव्हा निवडीची सुरुवात खोलीपासून करावी लागते. पडद्याच्या समोर खिडकी असेल, तर दुपारी काचेत नायिकेच्या चेहऱ्यावर बाल्कनीतली तुळस आणि ग्रिलची नक्षी उमटते. खिडकी बाजूच्या भिंतीत असलेली बरी. पश्चिमेकडे तोंड असलेल्या हॉलला जाड पडदे लागतात. ज्या घरात आजी-आजोबा दिवसभर टीव्ही बघतात, हॉल उजळ आहे आणि दारे सताड उघडी असतात, त्या घराला प्लाझ्मा घेऊ नका असे स्पष्ट सांगणारा विक्रेता भेटला तर तो खरा हितचिंतक. ज्या घरात दिवसभर कुलूप असते आणि रात्री माणसे जमतात, त्या घरासाठी मात्र हा पडदा बेतल्यासारखा आहे. बाजूला बसणाऱ्यांचीही इथे सोय होते. सोफ्यावर जागा नाही म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या पाहुण्याला समोर बसलेल्यासारखेच रंग दिसतात. त्या काळच्या पुष्कळ एलसीडींवर त्याच्या वाट्याला फिकुटलेले चित्र येई.

आकाराचा प्रश्न खोलीतूनच सुटतो, पण त्यात एक फसगत आहे. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि जुना टीव्ही चारास तीन या प्रमाणाचा तर नवा सोळास नऊ. २९ इंची डब्याची दिसणारी काच साधारण ६८ सेंटीमीटर, म्हणून त्यावरच्या चित्राची उंची ४१ सेंटीमीटरच्या आसपास. ३२ इंची सपाट पडद्याची उंची ४० सेंटीमीटर. म्हणजे जुन्या प्रमाणातला कार्यक्रम न ताणता लावला, तर नव्या टीव्हीवरचा माणूस डब्यातल्या माणसाहून मोठा दिसत नाही, उलट कणभर लहानच. मोठा टीव्ही आणल्याचा आनंद पहिल्याच संध्याकाळी विरण्याचे कारण हे असे. ४२ इंची पडदा ९३ सेंटीमीटर रुंद आणि ५२ सेंटीमीटर उंच असतो. त्यावर जुने प्रमाण ७० सेंटीमीटर रुंदीत मावते आणि दोन्ही बाजूंना साडेअकरा-साडेअकरा सेंटीमीटरच्या काळ्या पट्ट्या उरतात. त्या पट्ट्या घरच्यांना सोसत नाहीत. कुणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणतो, आणि मग वर्षानुवर्षे सगळ्या नट्या जाड दिसतात.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधला हॉल बहुधा १० बाय १२ किंवा १० बाय १५. सोफा भिंतीला टेकवला की डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर भरते ८ ते १० फूट. निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायला जो कोन लागतो, त्यावरून हिशेब करता येतो. ४२ इंची पडद्यावर ७६८ ओळी असतील तर साधारण पावणेआठ फुटांपलीकडे ठिपके एकमेकांत मिसळून जातात. १०८० ओळी असतील तर साडेपाच फुटांपलीकडे. म्हणजे नऊ फुटांवर बसणाऱ्याला ४२ इंची पडद्यावर फुल एचडीचा फायदा डोळ्याने मिळतच नाही. पैसे मोजल्याचे समाधान तेवढे मिळते. त्याच पैशांत ७६८ ओळींचा ५० इंची संच येत असेल तर तो घ्यावा. ५० इंची पडद्यासाठी ही मर्यादा सव्वानऊ फुटांच्या जवळ येते, म्हणजे तो त्या खोलीला अंगच्या सदऱ्यासारखा बसतो. फुल एचडीचा हट्ट धरायचा तो सहा-सात फुटांवर बसणाऱ्याने, किंवा ५८ नि ६० इंचांकडे वळणाऱ्याने.

मात्र या हिशेबात चित्र उत्तम आहे असे धरलेले आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. दुकानातला पोपट उच्च दर्जाच्या फितीवरचा असतो. घरी येते ती केबलवाल्याची तार. भारतातल्या साध्या प्रक्षेपणात ५७६ ओळी असतात आणि त्याही एकाआड एक पाठवलेल्या. टीव्हीला त्या जोडून, ताणून ७६८ किंवा १०८० ओळींत बसवाव्या लागतात. हे काम करणारा भाग एका संचात कुशल असतो, दुसऱ्यात अडाणी. साडीचे बारीक काठ आणि बातम्यांखालची धावती अक्षरे यांवर त्याची परीक्षा होते. केबलची तार तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तीन जोडण्यांतून आलेली असली, तर ५० इंची पडदा त्या तारेची सगळी पापे मोठी करून दाखवतो. म्हणून दुकानात जाताना घरची एक ओळखीची डीव्हीडी बरोबर न्यावी आणि शक्य असल्यास साधी केबलही जोडून दाखवायला सांगावी. दुकानदार कुरकुरला तरी हे दोन आग्रह सोडू नयेत. २०१० मध्ये डीटीएच कंपन्यांनी एचडी वाहिन्या देऊ केल्या आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दूरदर्शननेही एचडी प्रक्षेपण केले. त्यानंतर भिंतीवर टांगलेल्या प्लाझ्माचे सामर्थ्य पहिल्यांदा पूर्णपणे दिसले. तोवर कित्येकांनी आपल्या टीव्हीला उगाच बोल लावला होता.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे सामर्थ्य आधीच ठाऊक होते. चेंडू सीमारेषेकडे धावतो आणि कॅमेरा त्याच्यामागे वळतो, तेव्हा त्या काळच्या एलसीडीवर मैदानाचे गवत पुसल्यासारखे सपाट हिरवे होई. प्लाझ्मावर पाते न् पाते शाबूत राही. कारण प्लाझ्मा चित्र क्षणभर दाखवून विझवतो आणि मग पुढचे दाखवतो, तर एलसीडी पुढचे येईपर्यंत आधीचे धरून ठेवतो. दोष इथेही एक आहे. हिरवी भुकटी लाल-निळीपेक्षा सावकाश विझते, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरून पांढरी कडा वेगाने सरकली की तिच्यामागे पिवळसर हिरवी झाक क्षणभर रेंगाळते. बहुतेकांना ती कधीच जाणवत नाही. ज्याला एकदा जाणवली त्याला मात्र ती नेहमी दिसत राहते.

आता बाधणारी अक्षरे. जुन्या वाड्याचा उंबरठा मधोमध झिजलेला असतो, कारण प्रत्येकाचा पाय तिथेच पडतो. प्लाझ्माच्या भुकटीचेही तसेच आहे. जो दिवा जास्त जळतो तो लवकर मंदावतो, आणि एकाच जागेचे दिवे सतत जळत राहिले तर तेवढीच जागा झिजते. वाहिनीचे बोधचिन्ह वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात बसलेले असते. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आल्या, मराठी घरांत बातम्या दिवसभर चालू राहू लागल्या आणि पडद्याचा खालचा भाग धावत्या पट्टीने कायमचा व्यापला. क्रिकेटची धावसंख्या पाच-पाच दिवस एकाच पट्टीत. मग कधी निळ्या आकाशाचे दृश्य आले की त्या आकाशात वाहिनीचे नाव पुसटसे तरंगताना दिसते. याचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. थोडा वेळ राहणारी सावली ही पुढच्या तासाभराच्या हलत्या चित्रांनी निघून जाते, तिच्यामुळे घाबरायचे कारण नसते. झीज मात्र निघत नाही. काळ्या पट्ट्यांचाही तोच परिणाम होतो, फक्त उलटा: मधला भाग जळून मंदावतो, कडा कोऱ्या राहतात.

कंपन्यांनी भुकटीचे आयुष्य आधी ६०,००० तास आणि पुढे १,००,००० तास सांगितले. म्हणजे तेवढ्या तासांनी उजेड निम्मा होईल. रोज पाच तास लावला तर ६०,००० तास संपायला जवळजवळ ३३ वर्षे लागतात. तेव्हा म्हातारपणाची चिंता नाही, चिंता आहे ती विषम झिजेची. त्यावरचा उपाय सोपा असतो, पण घरातल्या सगळ्यांनी तो पाळावा लागतो. नव्या संचाची भुकटी सुरुवातीला जास्त हळवी असते, म्हणून पहिले १००-२०० तास कॉन्ट्रास्ट खाली ठेवावा, चित्र पडदाभर ठेवावे आणि बातम्या लावून कुणी स्वयंपाकघरात निघून जाऊ नये. पुढेही सिनेमा, मालिका, खेळ, गाणी असा मिसळीचा आहार असला की बिघडत नाही. ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वृत्तवाहिनी लागलेली असते, किंवा ज्या दुकानात टीव्हीवर दरपत्रक दाखवायचे असते, तिथे प्लाझ्मा नेऊ नये. तो टीव्हीवरच अन्याय आहे.

विजेचा हिशेब लपवण्याजोगा नाही. २९ इंची डबा साधारण १०० वॅट घेई. ४२ इंची प्लाझ्मा सरासरी २०० ते २५० वॅट. दृश्य जितके उजळ तितकी वीज जास्त, रात्रीच्या दृश्याला कमी. २५० वॅटने रोज पाच तास धरले तर दिवसाला सव्वा युनिट आणि महिन्याला ३७-३८ युनिट होतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे वाढता दर असतो. काठावरच्या घराला हे ३७ युनिट वरच्या टप्प्यात ढकलतात. ज्या वर्षांत प्लाझ्मा घरोघरी येत होता, ती महाराष्ट्रात भारनियमनाचीही वर्षे होती. तीन पंख्यांएवढा भार एकटा टीव्ही घेतो म्हटल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी बघता बघता उतरे, आणि गावाकडच्या घरांत हेच कारण निर्णायक ठरे. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते. चालू पडद्याच्या काचेला हात लावला तर ती कोमट लागते. मे महिन्यात विदर्भातल्या बंद खोलीत या उष्णतेचे अस्तित्व जाणवते. संचाच्या मागे आणि वर हवा खेळायला चार बोटे जागा सोडावीच लागते. जुन्या शोकेसच्या खणात तो कोंबून बसवला तर आतले भाग भाजून निघतात.

भिंतीचाही विचार करावा लागतो. हा टीव्ही काचेचा, म्हणून जड: ४२ इंचाचा २५ ते ३५ किलो. नऊ इंची विटेची बाहेरची भिंत हे वजन सहज पेलते. आतल्या साडेचार इंची पार्टिशनवर किंवा पोकळ ठोकळ्यांच्या भिंतीवर लांब बोल्ट आणि जाणता माणूस लागतो. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांवर हवा. बहुतेक घरांत तो फोटोसारखा वर टांगला जातो आणि माना अवघडतात. आणखी एक गोष्ट मराठी घरांत आधीच ठरवावी लागते. डबा टीव्ही ट्रॉलीवर असे. गणपतीत ट्रॉली आतल्या खोलीत जाई आणि त्या कोपऱ्यात मखर उभे राही. भिंतीत ठोकलेला टीव्ही असा हलत नाही. जिथे दरवर्षी देव बसतो ती भिंत सोडावी, किंवा संच त्याच्या पायांवर टेबलावरच ठेवावा.

उंचीचाही एक प्रश्न आहे, पण तो थोड्यांपुरता. दोन काचांमधल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे हवा काचांना दाबून धरते. उंचावर हवा विरळ झाली की ती पकड सैल होते आणि पडदा गुणगुणू लागतो. साधारण २००० मीटरच्या पुढे हे सुरू होते. महाबळेश्वरची उंची १३५३ मीटर, तेव्हा सह्याद्रीत कुठेही काळजी नाही. लेहला बदली झालेल्या लष्करी कुटुंबाने मात्र प्लाझ्मा घरीच ठेवून जावे.

पायोनियरने २००९ मध्ये टीव्हीच्या धंद्यातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. पॅनासोनिकने प्लाझ्माचे उत्पादन डिसेंबर २०१३ मध्ये थांबवले, सॅमसंग आणि एलजी यांनी २०१४ मध्ये. एलसीडी हलका होत गेला, स्वस्त होत गेला, कमी वीज खाऊ लागला. चारपट ठिपक्यांच्या ४के पडद्यासाठी प्लाझ्माचे खण तितके बारीक करणे परवडेना. आणि दुकानातल्या उजेडात तो शेवटपर्यंत हरत राहिला. ज्या पॅनासोनिकने २००८ मध्ये १५० इंची प्लाझ्मा दाखवला होता, तिचे शेवटचे संच चित्राच्या दृष्टीने तिच्या सर्वोत्तम संचांपैकी होते.

त्यामुळे आज प्लाझ्मा निवडायचा तो वापरलेलाच. घर बदलणारे, मोठा टीव्ही घेणारे लोक तो अगदी कमी पैशांत देऊन टाकतात, आणि कमी खर्चात सिनेमाचा चांगला पडदा हवा असलेल्याला अजूनही तो घेण्यासारखा असतो. विकणारा दुपारची वेळ देतो; रात्रीची मागून घ्यावी. पडदा पूर्ण करडा, मग पूर्ण निळा, मग पूर्ण पांढरा करून बघावा. पेन ड्राइव्हवर तशी साधी चित्रे नेली की काम होते. करड्यावर झीज दिसते, कोपऱ्यातले नाव वाचता आले तर सौदा तिथेच सोडावा. नंतर दिवा बंद करून पडदा काळा करावा आणि डोळे सरावेपर्यंत मिनिटभर थांबावे. काळ्यात लाल किंवा हिरवे कण लुकलुकत असतील, उभी रेघ असेल, किंवा सुरू करताना संच दोन-तीनदा टिकटिक करून मगच लागत असेल, तर आतले बोर्ड थकलेले आहेत असे समजावे. त्या बोर्डांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठ धुंडाळावी लागते, आणि तिथेही दुसऱ्या मेलेल्या संचातून काढलेला भाग मिळाला तर नशीब. पडद्याची काच फुटली असेल तर इलाज नाही.

सगळे ठीक असेल तर टेम्पो बोलवावा आणि उचलायला दोन माणसे घ्यावीत. संच आडवा घालू नये. रस्त्यातल्या खड्ड्यात मधली काच आपल्याच वजनाने तडकते. गादी आणि टेम्पोची बाजू यांच्या मध्ये तो उभा धरावा, पडद्यावर घोंगडी टाकावी, आणि घरी पोचेपर्यंत एकाने मागे त्याच्याजवळ बसावे.